समुद्रावरचे दीड तास

राजरत्न अजून पोचलाच नाही, असं कुंदाला राहून राहून वाटायचं.

लेक दुबईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. खोलीतले सोबती, मेसमधली पातळ डाळ, कारखान्यातला गारठवणारा एसी, सगळं तो सांगायचा. ओळखीच्या माणसाबरोबर त्याने फोटोही पाठवले होते. एका फोटोत तो काळा चष्मा लावून उंच इमारतीसमोर उभा होता आणि इमारतीचं टोक काही फोटोत मावलं नव्हतं. एवढं सगळं असून, अंबरनाथच्या शाळेत पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवताना किंवा बदलापूरच्या घरी मेथी निवडताना कुंदाचा हात मध्येच थांबायचा. तिला दिसायचं, विमान चाललंय. आवाज नाही, हादरा नाही, खाली नुसतं पाणी. खिडकीला कपाळ टेकून राजरत्न बसलाय. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. उतर म्हणून त्याला कोणी सांगत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही.

बी. ए. झालेल्या, शाळेची लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईला असं काही वाटावं, हे तिचं तिलाच पटत नव्हतं. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. भगवान एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. त्याच्या लेखी एखादी गोष्ट चालू तरी असायची नाहीतर बंद तरी. मधल्या धुरकट गोष्टींशी त्याला कर्तव्य नव्हतं. राहता राहिली सासू, गंगूबाई. तिला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण हा किडा कुंदाच्या डोक्यात सोडला होता तो तिनेच.

तसा राजरत्न लहानपणापासून वाटेतच असायचा. तेव्हा ही मंडळी उल्हासनगरला, तिथल्या पाच कॅम्पांपैकी तीन नंबर कॅम्पात, बराकीच्या एका खोलीत राहायची. पोराला कोपऱ्यावरून दही आणायला पाठवावं, तर खोलीतल्या प्रत्येकाचं जेवण उरकायचं आणि दह्याचा पत्ता नसायचा. शोधायला गेलं की तो कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर सापडायचा. कुणी रिळावर दोरा गुंडाळतंय, कुणी पापड वाळत घालतंय, ते बघत. एकदा तर नुसती उन्हात वाळणारी पँट बघत उभा होता.

"काय बघतोयस रे?" कुंदाने विचारलं.

"तिचे पाय आधी वाळतात आणि खिसे मागून."

"आणि दही?"

"ते आणायलाच तर चाललोय."

तो खोटं बोलत नव्हता. आपण आत्ताच घरातून निघालो, असंच त्याला मनापासून वाटत असायचं. इतर माणसांच्या अंगावरून वेळ वाहत जातो तसा त्याच्या अंगावरून जात नसावा. त्याच्याभोवती तो डबक्यासारखा साचून राहायचा, आणि त्यात राजरत्न पाय सोडून बसलेला असायचा.

कॉलेजचं दुसरं वर्ष त्याने अर्धवट सोडलं. "माझं लक्ष लागत नाही, मम्मी," एवढंच म्हणाला. कुंदाला फार लागलं. घराण्यात पहिली पदवी तिची होती, दुसरी त्याची व्हायची होती. पण ती म्हणाली, "तुला हवं तसं कर." तिच्या लहानपणी तिच्या वडिलांनी सगळं ठरवलं होतं, अगदी वेणी कुठवर राखायची तेसुद्धा. आपल्या मुलाला आपण कधी ओढायचं नाही, असं तिने तो जन्मला तेव्हाच मनाशी धरलं होतं.

मग तो कॅम्पातल्या तोलारामसेठच्या जीन्सच्या कारखान्यात जायला लागला. आधी दोरे कापायला, पुढे कटिंगला. लांबलचक टेबलावर डेनिमची थानं, म्हणजे कापडाचे ताके, एकावर एक अंथरायची, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि मग विजेच्या कटरने एका दमात सगळे थर कापून काढायचे. हात जरासा हलला तर शेकडो पँटी वाया. इतर ठिकाणी हरवणारा हा मुलगा तिथे मात्र हरवायचा नाही. किंवा असं म्हणावं की हरवण्यासाठी त्याला तिथे भरपूर जागा मिळाली. कुंदा एकदा त्याला डबा द्यायला गेली, तेव्हा तो नुसता टेबलाच्या कडेला उभा होता.

"थानं अंथरली ना मम्मी, की तळ्यासारखं दिसतं," तो हळूच म्हणाला. "कापायला जीव होत नाही."

"और हम बोलते हैं, काट भाई, काट!" मागून तोलारामसेठ ओरडला. "साईं, ये लडका काटता है ना, तो लाइन में एक बाल का फरक नहीं. लेकिन काटने से पहले दस मिनट पूजा करता है!"

घरी यायचा तेव्हा त्याचे हात मनगटापर्यंत निळे असायचे. कानांच्या पाळ्या निळ्या, कारण विचार करताना कान ओढायची सवय. उशीचा अभ्रा निळा. गंगूबाई म्हणायची, "ह्याला आता पान्यात सोडला तर सापडायचा न्हाई."

धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पुरी झाली त्या साली ही मंडळी बदलापूरला, कुळगावात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली होती, आणि त्याच दिवाळीनंतर तोलारामसेठ पेढे घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या भाच्याने दुबईत जीन्सचा कारखाना काढला होता आणि त्याला कटिंग मास्टर हवा होता. दोन वर्षांचा करार, जाण्यायेण्याचं तिकीट त्यांचं.

"भाभी, घबराने का नहीं. दुबई तो अपना छे नंबर कॅम्प है. पाँच इधर, छठवाँ उधर!"

कुंदाने हसून चहा ठेवला. पण रात्रभर ती एकच विचार करत होती. जो मुलगा दह्याला जाऊन परत येत नाही, तो समुद्र ओलांडून कसा येणार?

तिला धीर आला तो तिकिटामुळे. तिकीट आलं त्या संध्याकाळी भगवानने ते चष्मा लावून मोठ्याने वाचलं. मुंबईहून सकाळी दहाला निघणार, दुबईला साडेअकराला पोचणार.

"दीड तास?" कुंदा म्हणाली. "फक्त?"

"लिहिलंय ना इथे. आपल्याला इथून विमानतळ गाठायला ह्याहून जास्त लागतील. तुझा भाऊ नाशिकला राहतो, तो लांब. दुबई जवळ."

"आन परत येतानी?" गंगूबाईने विचारलं.

भगवानने पान उलटलं. परतीच्या तिकिटावर दुबईहून दहाला निघणार आणि मुंबईला अडीचला पोचणार, असं होतं.

"म्हंजे येतानी साडेचार तास?"

"येताना वारा समोरून असेल, आये."

"असंल बाबा. जायला उतार, यायला चढ. सगळीकडं तसंच हाये."

सगळे हसले. राजरत्न बॅग भरत होता. त्याने मान वर करून बघितलं आणि पुन्हा शर्टाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुंदाने कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला, त्यावरची धूळ पुसली आणि मुंबईपासून दुबईपर्यंत दोरा धरला. मग तोच दोरा देशातल्या देशात फिरवला. मुंबई ते गुवाहाटीला जेवढा लागत होता, त्याहून हा कमी होता. एकोणीसशे किलोमीटरच्या थोडं वर. मध्ये निळा रंग, आणि गोलावर उभ्या आखलेल्या बारीक रेषा. त्या रेषा म्हणजे काय, प्रत्येक रेषेला घड्याळ कसं बदलतं, हे तिने पोरांना अनेकदा समजावून दिलं होतं. त्या दिवशी तिचं लक्ष फक्त दोऱ्याकडे होतं. आईला हवं तेवढंच दिसलं. दीड तास म्हणजे दादरला जावं तसं. तिने मनातल्या मनात होकार दिला आणि घरी जाऊन त्यालाही दिला. "तुला हवं तसं कर, बाळा."

निघायच्या दिवशी पहाटे बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं. मजल्यावरचे शेजारी निरोप द्यायला आले. तोलारामसेठने हार घातला. गाडीत बसताना राजरत्न एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून बराच वेळ इमारतीकडे बघत होता. शेवटी भगवाननेच त्याला आत ओढला. गाडी वळली आणि कुंदा वर आली, तर घरभर कचरा. हाराच्या पाकळ्या, सुतळीचे तुकडे, चिवडा, जुन्या बॅगेतून झडलेले निळे दोरे. तिने झाडू हातात घेतला.

"ठेव तो," गंगूबाई म्हणाली.

"आत्याबाई, पाय टाकायला जागा नाही."

"असूं दे. मानूस पोचल्याबगर मागं झाडायचं न्हाई. आपन त्याची पावलं पुसतो मग."

असलं काही घरात चालत नसे. भगवान असता तर म्हणाला असता, धम्माला पन्नास वर्षं झाली आये, तुझा केरसुणीचा धर्म काही सुटत नाही. पण तो गाडीत होता. आणि खरं सांगायचं तर त्या पाकळ्या तशाच पडून असलेल्या कुंदालाही बऱ्या वाटत होत्या. दोघी पलंगावर पाय वर घेऊन बसून राहिल्या. दहा वाजले. आता उडालं असेल. कुंदाने डोळे मिटले आणि तिला निळे हात दिसले, मांडीवर एकावर एक ठेवलेले. बाहेर डोंगराच्या अंगाने एक विमान गेलं. ते त्याचं नव्हतं, त्याचं पश्चिमेला गेलं होतं, पण दोघींनी खिडकीतून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

साडेअकरा वाजले. गंगूबाईने घड्याळाकडे बघून मोठा श्वास सोडला.

"पोचलं लेकरू. काढ आता केर."

कुंदाने दोन्ही खोल्या झाडल्या, सुपलीत भरलं, खाली जाऊन कचराकुंडीत टाकलं आणि फरशीवरून ओलं फडकं फिरवलं. घर एकदम मोठं झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. गंगूबाईने आधी उचलला.

"आजी, बरा आहे मी. विमानात तीन तास नुसतं बसून पाय आखडले."

"तीन कुठलं? दीड ना रं?"

"नाही गं. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. त्यांनी तिकिटावर इथली वेळ छापलेली. जाताना तीन, येताना पण तीनच. आपल्याकडे साडेअकरा वाजले ना, तेव्हा मी बरोबर मधोमध होतो. ढग पण नव्हते. इतकं निळं, आजी, मला वाटलं कोणी थानं अंथरलीत."

 गंगूबाईने रिसीव्हर कुंदाच्या हातात दिला. फोन झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "कुंदा, आपन झाडलं तवा पोरगं समुद्रावर व्हतं गं."

"काहीतरीच, आत्याबाई."

"त्याचं पाऊल टेकायच्या आधी आपन पुसलं."

भगवान चार दिवस ही गंमत कंपनीत सांगत होता. म्हणे, आमच्या म्हातारीने झाडू मारून विमान अडवलं. कुंदाही हसली. पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांसमोर ते विमान उभं राहिलं ते राहिलंच. तिकिटात हरवलेले ते दीड तास तिला एखाद्या खोलीसारखे वाटायला लागले, ना बदलापूरची, ना दुबईची. आणि तिचा मुलगा अशा ठिकाणी बसकण मारणारच, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

गंगूबाई आपल्या परीने चौकशी करायची. दर शुक्रवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोचलास का रं नीट?"

"आजी, मला येऊन दोन वर्षं होतील आता!"

"व्हय, पर पोचलास का?"

तो हसायचा. हो मात्र म्हणायचा नाही. कुंदाने ते नीट ऐकलं होतं.

आता करार संपत आला होता. गेल्या शुक्रवारी फोनवर राजरत्नचा आवाज जरा घोगरा होता. सेठच्या भाच्याला तो आणखी तीन वर्षं हवा होता. त्याच्या हाताखाली चार माणसं देणार होते, वेगळी खोली देणार होते. गुरुवारपर्यंत कळवायचं होतं.

"काय करू, मम्मी?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय... दोन्ही बरंच आहे."

"मग तुला हवं तसं कर, बाळा."

 मग त्याने आपणहून सांगितलं, "मम्मी, इथे गावाच्या मधोमध खाडी आहे. लाकडी होड्या असतात, बाजार एका काठाला आणि दुसरा बाजार दुसऱ्या काठाला. सुट्टीला मी होडीत बसतो. ती तिकडे जाते, माणसं उतरतात, नवी चढतात, परत इकडे येते. मी उतरत नाही. होडीवाला आता ओळखतो मला, काही बोलत नाही. मस्त वारा असतो. संध्याकाळ कधी होते कळत पण नाही."

"पूर्ण दिवस?"

"हां, जवळजवळ."

हे तो आनंदाने सांगत होता. 

त्यानंतर घरात दुसरा विषय नव्हता. भगवानचं म्हणणं सरळ होतं. राहू दे त्याला. हुद्दा वाढतोय, मान मिळतोय, इथे येऊन पुन्हा कॅम्पात दहा जणांत उभा राहील. "आणि तो लहान आहे का? चोवीस वर्षांचा घोडा झालाय. तो ठरवेल."

बुधवारी कुंदा शाळेतून आली तेव्हा गंगूबाई खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. कुंदा पर्स न ठेवताच तिच्यासमोर टेकली.

"उद्या त्याला कळवायचंय, आत्याबाई."

"मग?"

"मग काय. त्याने ठरवायचं."

"त्यो ठरवनार न्हाई. त्यो होडीत बसनार." गंगूबाईने खडा खिडकीबाहेर टाकला. "उद्या गुरवार जाईल, ते लोक समजतील राह्यला, आन ह्यो ऱ्हाईल. कुनी ठरवलंच न्हाई आन तीन वर्सं गेली. तू काय सांगितलंस त्याला?"

"तुला हवं तसं कर म्हटलं."

"त्ये तू त्याला कॉलिजपासून सांगतीस. तुला काय हवं, ते सांगितलंस का कधी?"

कुंदाने पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "मी सांगितलं की तो तेच करेल. तसाच आहे तो. आणि इथे येऊन त्याला पस्तावायला झालं तर? जन्मभर म्हणेल, मम्मीने बोलावलं म्हणून आलो."

"म्हनू दे की."

"असं कसं आत्याबाई?"

"आगं, आईवर राग धरायला बी मानूस आधी कुठंतरी उभं पायजे." म्हातारीने ताट बाजूला सारलं. "आन त्यो न्हाई बी म्हनंल. म्हनू दे. पर आपली आई आपल्याला बोलावतीया का नको म्हनतीया, हे तरी कळू दे लेकराला. तुझ्या त्या हवं तसं कर मधून काय कळतंय त्याला? मला तर वाटतं त्याला वाटत आसंल, हिला चालतंय मी नसलो तरी."

ते कुंदाच्या कधी मनातही आलं नव्हतं. आपण मोकळं सोडतोय म्हणजे प्रेम करतोय, असा तिचा हिशेब होता. ती मोकळीक तिकडून, एकोणीसशे किलोमीटरवरून, कशी दिसत असेल? काठावर कोणीच उभं नसल्यासारखी?

ती उठली. खिडकीबाहेर ऊन उतरत होतं आणि समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर, टाक्यांवर ते मधासारखं चिकटून राहिलं होतं. दोन वर्षांत एकदाही तिने स्वतः त्याला फोन केला नव्हता. फोन त्याचा यायचा, ती वाट बघायची. घरच्या फोनवरून परदेशात लागत नव्हता, पण कारण ते नव्हतं. तो कामात असेल, त्याला नको असेल, त्याच्या सोयीने करू दे, असं करत करत राहिलं होतं. त्याच्या खोलीतल्या, त्याच कारखान्यात असलेल्या सोबत्याचा मोबाईल नंबर तिला तोंडपाठ होता. रात्री झोप लागत नसली की ती तो मनात म्हणायची.

"त्यांचं काय?" तिने विचारलं. 'त्यांचं' म्हणजे भगवानचं.

"त्याला मी बघते. त्यो माझ्या पोटचा हाये, मला तरी भितोच."

कुंदाला हसू आलं. तिने तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले, जशी काही ती कोणाच्या घरी पाहुणी चालली होती. स्टेशनकडच्या रस्त्यावर परदेशी फोन लागणारा बूथ होता. त्याला काय सांगायचं ते तिने दोन-तीन तऱ्हांनी मनात जुळवून पाहिलं. तुझ्या भविष्याचा विचार करता. आमची काही जबरदस्ती नाही. ही सगळी वाक्यं तिने एकेक करून बाजूला ठेवली.

"आत्याबाई, मी त्याला फोन करते," ती दारातून म्हणाली. "सांगते, मला तू घरी हवा आहेस. एवढंच सांगते आणि तो काय म्हणतो ते ऐकते."

"आत्ता कामावर असंल की त्यो."

"असू दे," कुंदा म्हणाली, आणि पायात चपला सरकवून जिना उतरू लागली.